कऱ्हेच्या काठावर सुमात्राची राख

मोरगाव म्हटलं की मयूरेश्वर आठवतो. पण त्याच गावाच्या शिवारात, कऱ्हा नदीच्या दरडीत, तपकिरी गाळाच्या मधोमध एक फिकट राखाडी, उन्हात जवळजवळ पांढरा दिसणारा थर आहे. जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकजवळ कुकडीच्या काठालाही तसाच थर सापडतो, आणि विदर्भात पूर्णेच्या गाळातही. ही ज्वालामुखीची राख आहे. ती इथल्या कुठल्याही ज्वालामुखीची नाही. सुमारे ३,२०० किलोमीटरवरच्या इंडोनेशियातून ती वाऱ्यावर आली.

इथे पहिली शंका येते ती आपल्याच दगडांची. सह्याद्री लाव्हाचा, काळी जमीन त्याच लाव्हाच्या बेसॉल्टची, मग राखेचं एवढं काय? फरक मोठा आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात सिलिका जेमतेम निम्मी आणि पालाश एक टक्क्याहूनही कमी. नदीकाठची ही राख म्हणजे झटकन थंड झालेल्या शिलारसाची बारीक काच; तिच्यात मात्र सिलिका ७७ टक्क्यांच्या आसपास आणि पालाश पाच टक्क्यांच्या जवळ. अशी रासायनिक घडण बेसॉल्टच्या प्रदेशात आपोआप तयार होत नाही. म्हणून काचेची घडण तपासली की भूवैज्ञानिकांना कळतं की हा पाहुणा आहे.

हा पाहुणा टोबाचा. सुमात्रा बेटावर सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी टोबा ज्वालामुखीचा जो स्फोट झाला, तो गेल्या वीस लाख वर्षांतल्या सर्वांत मोठ्या स्फोटांपैकी एक. बाहेर पडलेल्या शिलारसाचा जुना अंदाज २,८०० घन किलोमीटरचा आहे, नवे अंदाज त्याहूनही मोठे आहेत. स्फोटानंतर जमीन खचून जो खळगा झाला, त्यात आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचं टोबा सरोवर आहे. राख बंगालच्या उपसागरात, अरबी समुद्रात, भारतीय द्वीपकल्पात पडली. तिचे सूक्ष्म कण आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळातही सापडले आहेत.

भारतात ती पडली सगळीकडेच, डोंगरांवर, पठारांवर, जंगलांवर. टिकली मात्र नद्यांच्या पूरमैदानांत. याचं कारण साधं आहे. आकाशातून पडलेला थर बहुधा काही सेंटीमीटरचाच होता. उतारांवरून पहिल्या पावसाळ्यांतच तो धुऊन निघाला. ती सगळी राख ओढ्यानाल्यांनी खाली आणली आणि नदीच्या सोडलेल्या पात्रांत, डबक्यांत, पुराचं पाणी साचायच्या सखल जागी जमा केली. म्हणून आंध्र प्रदेशात जुर्रेरू खोऱ्यातल्या ज्वालापुरमला राखेचा थर अडीच मीटरच्या घरात जातो. एवढी राख आकाशातून पडली असं म्हणणं चुकीचं ठरेल. तळाचे काही सेंटीमीटर मूळ पडलेले, वरचा सगळा भाग पाण्याने वाहून आणलेला. तळाच्या पट्ट्यात स्थानिक खनिजं जवळपास नसतात; वरच्या भागात वाळूचे कण, गाळाच्या बारीक रेघा, मुळांच्या खुणा दिसू लागतात. त्यावर पुन्हा पुराचा पोयटा साचला आणि राख झाकली गेली. हे झाकलं जाणं फार महत्त्वाचं ठरलं.

आता या राखेची माती कशी होते ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. जपान, न्यूझीलंड, जावा अशा भरपूर पावसाच्या प्रदेशांत ज्वालामुखीच्या राखेपासून एक खास माती तयार होते. मृदाशास्त्रात तिला अँडिसॉल म्हणतात. जोरदार पाऊस राखेतल्या काचेमधली सिलिका विरघळवून घेऊन जातो, मागे ॲल्युमिनियम उरतं आणि त्यातून ॲलोफेन नावाचं, स्फटिकांची शिस्त नसलेलं अतिसूक्ष्म खनिज बनतं. अशी माती काळीभोर, विलक्षण हलकी आणि पाणी धरून ठेवणारी असते. तिच्या एका घन सेंटीमीटरचं कोरडं वजन ०.९ ग्रॅमपेक्षा कमी भरतं. आपल्या शेतातली साधी माती बहुधा १.३ ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे असते.

मोरगावच्या परिसरात वर्षाला पाऊस पडतो ५०० मिलिमीटरच्या आसपास. पर्जन्यछायेचा हा पट्टा. इथे सिलिका धुऊन नेण्याइतकं पाणी जमिनीतून खाली जातच नाही. विरघळलेली सिलिका तिथेच राहते, भोवतालच्या बेसॉल्टच्या गाळातून आलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तिथेच. अशा स्थितीत ॲलोफेनऐवजी स्मेक्टाइट बनण्याकडे कल असतो, म्हणजे काळ्या जमिनीला भेगा पाडणारी तीच चिकणमाती. आणि बरीचशी काच तर तशीच राहते. ७४,००० वर्षांनंतरही राखेचे कण ओळखू येतात ते याचमुळे. पाऊस कमी पडला आणि वरून गाळाने झाकलं, या दोन गोष्टींनी हा पुरावा जपला.

अमेरिकेत पूर्व ओरेगनच्या कोरड्या नदीखोऱ्यांतही सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या माझामा ज्वालामुखीची राख मातीत मिसळली आहे, आणि तिथेही काच टिकून आहे. ती राख टोबापेक्षा दहापट तरुण, पण कोरड्या हवामानाचा परिणाम तोच.

हे खतांच्या हिशेबातही दिसतं. अँडिसॉलमध्ये स्फुरद दिलं तर ते ॲल्युमिनियमशी घट्ट बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीतही स्फुरद अडकतं, पण इथे त्याला धरून ठेवतो तो कॅल्शियम. लक्षण एक, कारणं दोन, त्यामुळे उपायही वेगळे. राखेत पालाश भरपूर असला तरी तो काचेत बंदिस्त आहे. काच झिजेल तसा तो हळूहळू सुटतो, म्हणून निव्वळ आकडा पाहून जमीन सुपीक ठरवता येत नाही.

याच चुनखडीमुळे शेतातली एक प्रसिद्ध चाचणीही इथे फसवते. चिमूटभर माती सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात टाकायची; सामू ९.५ च्या वर गेला तर ॲलोफेनची शक्यता धरायची, अशी ती चाचणी. पण मातीत चुना असेल तर सामू तसाही वर चढतो. कऱ्हेच्या काठाला चुना जागोजागी आहे. म्हणजे दमट प्रदेशात कामाची ठरलेली खूण अर्धशुष्क पूरमैदानात डोळे झाकून वापरता येत नाही.

मग राख ओळखायची कशी? बोटांत धरली की ती कोरड्या पिठासारखी लागते, पण चोळल्यावर बारीक खरखर जाणवते. ओली केली तरी काळ्या मातीसारखी चिकटत नाही, तिची वळी होत नाही. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर राख स्वतः फसफसत नाही; फसफसतो तो कणांवर बसलेला चुना. आम्लाने चुना काढून, धुऊन, उरलेले कण काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की शंका उरत नाही. पारदर्शक, धारदार, वाकलेल्या पातळ चकत्या दिसतात. त्या फुटलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या भिंती आहेत. मधेच तीन फाटे असलेले तुकडे दिसतात, तिथे तीन बुडबुडे एकमेकांना चिकटलेले होते. एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहिलं तर क्वार्ट्झचे कण पट्टी फिरवताना उजळतात आणि मावळतात. काच मात्र कशीही फिरवा, काळीच राहते, कारण तिच्या अणूंना ठरलेली रांग नाही. सोबत बायोटाइट अभ्रकाच्या गडद पापुद्रेही असतात.

जमिनीत पाणी कसं चालतं यावरही या थराचा परिणाम होतो. बारीक कणांच्या थराखाली एकदम भरड वाळू किंवा गोटे असतील, तर वरचा थर जवळजवळ पूर्ण ओला झाल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत वाफसा उशिरा येतो. थबकलेलं पाणी नंतर वाळतं आणि विरघळलेला चुना त्या सीमेवर सोडून जातं. हजारो वर्षं असं होत राहिलं की चुनखडे तयार होतात, कुठे सुटे, कुठे एकमेकांना जखडून सलग थर झालेले. राखेच्या थराजवळ चुनखडे सापडले तर त्यामागे ही प्रक्रिया असू शकते.

राख वाहून आलेली आहे, तिच्यात स्थानिक कण मिसळले आहेत, ही गोष्ट मी इतक्या तपशिलाने सांगितली त्याला एक मोठं कारण आहे. बोरीला राखेच्या थराबरोबर अश्युलियन, म्हणजे अश्मयुगाच्या पहिल्या टप्प्यातल्या पद्धतीची दगडी हत्यारं, हातकुऱ्हाडी मिळाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेलं राखेचं वय होतं सुमारे १४ लाख वर्षं. पुढे आर्गॉन वायूचं प्रमाण मोजून वय काढण्याच्या दुसऱ्या पद्धतीने ६.७ लाख आलं. १९९८ मध्ये काचेची घडण आणि तिचं वय तपासून असं मांडलं गेलं की द्वीपकल्पातली सगळी राख टोबाच्या शेवटच्या, सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची आहे. २०११ मध्ये पुन्हा आक्षेप आला, की बोरी आणि मोरगावची राख टोबाच्याच जुन्या, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटाची असावी. मग २०१४ मध्ये एकेका काचकणातली सूक्ष्म मूलद्रव्यं मोजून उत्तर आलं की ती तरुण राखच आहे.

मला हे शेवटचं काम सर्वांत पटतं. ढीगभर राख एकत्र घेऊन वय काढलं की तिच्यात मिसळलेला प्रत्येक जुना कण वय मागे ओढतो. एकेक काचकण तपासला की मिसळलेले कण बाजूला पडतात. अर्थात राख तरुण ठरली म्हणून तिच्या आगेमागे सापडलेल्या हातकुऱ्हाडी तितक्याच तरुण ठरत नाहीत. जुन्या गोट्यांच्या थरातून सुटलेलं हत्यार पुराने नव्या राखेशेजारी आणून ठेवू शकतं. तो प्रश्न गाळाचा थर न् थर उकलूनच सुटेल, आणि त्यासाठी दरड शाबूत हवी. वाळू उपसा आणि सपाटीकरणात असा एक ट्रक माती गेली की ती माहिती परत मिळत नाही. बोरी आणि मोरगावच्या या दरडींना भूवारसा म्हणून संरक्षण मिळायलाच हवं.

दुसरा वाद हवामानाचा. टोबानंतर भारतातली जंगलं करपली का? २००९ मध्ये मध्य भारतातल्या राखेच्या खालच्या आणि वरच्या चुनखड्यांमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगळ्या वजनाच्या अणूंवरून, असं मांडलं गेलं की खाली जंगल होतं आणि वर गवताळ प्रदेश आला. झाडं आणि उष्ण प्रदेशातली गवतं कार्बन वेगवेगळ्या प्रमाणात घेतात, ती खूण चुनखड्यात उतरते, हे खरंच आहे. पण चुनखडा एका दुष्काळात बनत नाही. त्याला शेकडो, हजारो वर्षं लागतात, आणि तो आपल्या वयाच्या साऱ्या ऋतूंची सरासरी सांगतो. स्फोटानंतरच्या पाच-दहा वर्षांत काय झालं हे त्यातून वाचता येत नाही. दगडी हत्यारांचा पुरावा तर वेगळंच सांगतो. ज्वालापुरमला राखेच्या खाली आणि वर माणसाची हत्यारं आहेत, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मध्य प्रदेशात शोण नदीच्या खोऱ्यात ढाबा इथे स्फोटाच्या आधीपासून नंतरपर्यंत माणसं त्याच पद्धतीची हत्यारं घडवत राहिली.