वायर तुटते ती मानेत

उद्यमनगरात लेथवर उभी हयात काढलेल्या आमच्या तात्यांना कंपवात झाला, तेव्हा सगळ्यांत आधी अडलं ते व्हर्नियरवर. माप घेताना उजवा हात थरथरायचा. पुढं गोळ्यांचा असरही तोकडा पडू लागला आणि पुण्यात त्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले गेले. दोन वर्षं बरी गेली. मग एके दिवशी सकाळी रंकाळ्यावर फिरताना तोच हात पुन्हा थरथरायला लागला. घरच्यांनी धसका घेतला, आजार वाढला म्हणून. तपासणीत निघालं भलतंच. मानेतली वायर तुटली होती.

या उपचाराचं नाव डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस: मेंदूत खोलवर विजेचे हलके ठोके द्यायचे. फ्रान्सच्या ग्रेनोबलमध्ये मेंदूचे सर्जन बेनाबिद यांनी १९८७ साली आजच्या पद्धतीची सुरुवात केली. कवटीला छोटं भोक पाडून जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत खोलवर सोडतात. तिच्या टोकाला प्लॅटिनम-इरिडियमची कडी असतात. तिथून दुसरी वायर कातडीखालून, कानामागून, मानेतून छातीपर्यंत येते आणि गळपट्टीच्या हाडाखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडली जाते. सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचा हलका ठोका जातो. डाव्या मेंदूतली तार उजवा हात सांभाळते, म्हणून तात्यांचा एकच हात बिघडला.

आता गंमत बघा. मेंदूसारख्या नाजूक जागी बसलेली तार एकदा पक्की केली की सहसा निवांत असते. हाल होतात ते मानेतल्या वायरीचे. रिक्षातून मागं वळून बघा, देवाला मान लववा, होकार द्या, नकार द्या, दर वेळी ती वाकते. दोन वायरींचा जोड जाड आणि ताठ असतो. ताठ संपून लवचिक सुरू होतं तिथं सगळा ताण येतो. हा जोड मानेत आला तर तार तुटण्याचा धोका वाढतो, हे अनुभवानं कळल्यावर तो वर, कानामागच्या कवटीवर ठेवायला लागले. तात्यांना हे समजावून सांगितलं, तर म्हणाले, "वाकतंय तितंच तुटतंय. त्याला काय डॉक्टर लागतोय व्हय?"

तुटलंय हे ओळखायला लगेच चिरफाड करावी लागत नाही. बाहेरून यंत्र धरून प्रत्येक कड्याचा विद्युतरोध मोजतात. तो अफाट वाढला तर तार तुटलेली, फारच घसरला तर दोन तारा आत एकमेकींना चिकटलेल्या. अर्धवट तुटलेली तार मात्र छळते. मान सरळ असताना माप बरोबर येतं, वळवली की जोड सुटतो. मग मान फिरवायला लावून पुन्हा मोजायचं, एक्स-रे काढायचा.

वायर बदलता येते. जंतुसंसर्ग जास्त अवघड. आपल्याच कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस जंतू धातू-प्लॅस्टिकवर चिकट थर धरतात आणि त्या थराआड औषध नीट पोचत नाही. कधी डोक्याची पातळ कातडी वायरीवर घासून विरते आणि आतलं सामान उघडं पडतं. अशा वेळी बरेचदा बॅटरी आणि वायर काढून मेंदूतली तार तेवढी वाचवायची धडपड होते. संसर्ग वर पोचला तर तीही काढावी लागते.

बॅटरी साधी असेल तर तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, चार्जिंगची पुष्कळ जास्त टिकते. आणि एक गोष्ट घरच्यांनी पाठच करावी: गुडघा दुखला तरी डायथर्मीचा, म्हणजे यंत्रातल्या लहरींनी आतून देतात तो शेक घ्यायचा नाही. त्या लहरींनी तार तापते आणि मेंदूला कायमची इजा झाल्याची नोंद आहे. दाताच्या डॉक्टरलासुद्धा आधी सांगायचं.

तात्यांची वायर बदलली, हात पुन्हा स्थिर झाला. पण छातीवरचा उंचवटा चाचपायची सवय लागलीय. कातडीखालची बॅटरी सारखी फिरवत राहिलं तर वायरीला पीळ बसतो आणि ती ओढली जाते. पेसमेकरवाल्यांमध्ये हा प्रकार १९६८ सालीच नोंदला गेलाय. डॉक्टरांनी तो समजावून सांगितल्यापासून काकूंचा पहारा असतो. तात्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडं वळला, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, हात काढा तितला!"