मुंढव्याचं पाणी आणि बेबी कालव्याखालची जमीन

पुण्याचं मैलापाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) बेबी कालव्यात सोडायला २०१५ च्या सुमारास सुरुवात झाली. व्यवहार असा ठरला: शहराने खडकवासल्याचं पाणी पिण्यासाठी घ्यायचं आणि बदल्यात वर्षाला ६.५ टीएमसी (अब्ज घनफूट) प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला द्यायचं. तेव्हापासून भांडण आहे ते पाणी किती सुटलं आणि वास किती येतो यावर. जमिनीचं कुणी फारसं काढत नाही. वास्तविक या भागातलं ते सर्वांत जुनं दुखणं.

बेबी कालवा म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला जुना मुठा उजवा कालवा. खडकवासला धरणापाठोपाठ १८८५ मध्ये जवळच्या नीरा खोऱ्यात नीरा डावा कालवा सुरू झाला. बारमाही पाण्यावर ऊस आला आणि काही वर्षांतच रानं पाणथळ, खारवट होऊ लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या आसपास नीरा खोऱ्यातल्या या जमिनी तपासल्या. पुढे १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी वेगळा विभाग काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच उभी राहिली.

तेव्हाचं कालव्याचं पाणी मात्र धरणाचं, गोडं होतं. क्षार मातीच्या पोटातले. निचरा नसल्याने ते वर आले. आता पाणीच क्षार घेऊन येतं. प्रक्रिया केंद्र सेंद्रिय घाण आणि गाळ काढतं, क्लोरीन जंतू मारतं. पण स्वयंपाकातलं मीठ नि कपडे धुण्याची पावडर यांतलं विरघळलेलं सोडियम तसंच पुढे जातं. म्हणून नितळ पाणी पाहून निर्धास्त होणं मला पटत नाही.

काळ्या मातीत सोडियम कॅल्शियमची जागा घेतो आणि चिकणमातीचे कण सुटे होतात. मग वाफ्यात पाणी तुंबून राहतं, ओली माती फाळाला चिकटते, वाळली की ढेकूळ फुटत नाही. हीच चोपण जमीन. वरंब्यावर नुसता पांढरा थर असेल तर ती क्षारयुक्त. तिथे चर काढून गोड्या पाण्याने क्षार धुता येतात. चोपणाला आधी माती परीक्षण करून जिप्सम लागतं, आणि निचऱ्याचे चर नसतील तर तेही वाया जातं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत सिंचनाच्या पाण्याला सोडियम शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, याचं माप) २६ पर्यंत चालतं. भारी काळ्या रानाला त्याच्या निम्मंसुद्धा जड जातं.