पदवी स्तरावरील विद्यार्थी संशोधन व सर्जनशील प्रकल्प (नागपूर)

पदवी हाती पडण्याआधी विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली स्वतः केलेला शोध किंवा स्वतः घडवलेली कलाकृती म्हणजे पदवी प्रकल्प. प्रयोगशाळेतला प्रयोग, वस्तीतला सर्व्हे, यंत्राचा नमुना, जुन्या वाड्याची मोजणी, एकांकिका, चित्रमालिका, बोलीचा शब्दसंग्रह हे सगळे त्यात मोडते. उत्तर आधीच ठाऊक असते ते प्रात्यक्षिक, आणि मार्गदर्शकालाही उत्तर ठाऊक नसते तो प्रकल्प, अशी या दोहोंतली साधी खूण सांगता येईल. नागपूरच्या कॉलेजांत मात्र दोन्हींना ‘प्रोजेक्ट’ हा एकच शब्द चालतो आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो.

अध्यापन आणि संशोधन एकाच छताखाली असावे, हा विचार १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठापासून रूढ झाला. पदवीच्या मुलांना त्यात रीतसर जागा मिळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे लागली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजना सुरू केली. पुढच्या बहुतेक योजनांनी तिचाच कित्ता गिरवला.

नागपुरात या कामाची जमीन विद्यापीठाच्या आधीच तयार झाली होती. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात नागपूरच्या आसपासचे खडक पालथे घातले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेले टाकळीचे जीवाश्म त्यांनी जगापुढे आणले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे (प्राचीन दफनांभोवती मांडलेली दगडांची वर्तुळे) पाहून परतताना हिस्लॉप पाण्यात बुडून मरण पावला. आजचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे आहे. तो काही विद्यार्थी नव्हता. पण ‘घरापासून घोड्यावर जाता येईल तेवढ्या टापूत काय आहे ते नीट पाहा’ ही त्याची रीत इथल्या चांगल्या प्रकल्पांत आजही दिसते, फक्त घोड्याच्या जागी स्कूटी आली.

संस्थांचा क्रम थोडक्यात असा : महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय आणि आज विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाणारे व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स ही दोन्ही १९०६ ची. नागपूर विद्यापीठ १९२३ चे; २००५ मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली तंत्रसंस्था १९४२ ची आहे. विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये निघाले आणि २००२ मध्ये राष्ट्रीय संस्था झाले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यावर चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तिकडे गेले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे नागपूर विद्यापीठाकडे राहिले. या बदलाचा प्रकल्पांवरही परिणाम होतो, कारण विषय बहुधा विद्यार्थ्याच्या गावाहून येतो.

शिवाय या शहरात सरकारी संशोधन संस्थांची दाटी आहे. वर्धा रोडला ‘नीरी’ म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (१९५८) आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था (१९७६), अमरावती रोडला माती सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो आणि लिंबूवर्गीय फळांची संस्था. याच अमरावती रोडला विद्यापीठाचा परिसर आहे. म्हणजे मातीचा अभ्यास करणारा देशपातळीवरचा तज्ज्ञ आणि बीएस्सीचा विद्यार्थी एकाच सिग्नलला उभे असतात. तरी त्या फाटकातून आत जाणारे पदवीचे विद्यार्थी थोडेच. ज्यांना आत जाता येते त्यांतले काही केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीमुळे जातात. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या या योजनेत वर्षाला ६०,००० रुपये आणि त्यावर उन्हाळी संशोधनासाठी २०,००० रुपये मिळतात. त्या वीस हजारांसाठी सुट्टीत एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. तीन विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिपही आहे. ती बहुधा विद्यार्थ्याला नागपूरबाहेर घेऊन जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या शहरात हे आमिषच म्हणायचे!

सक्तीच्या प्रकल्पाची पहिली मोठी लाट पर्यावरणाची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २००० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीला पर्यावरण अभ्यास लागू केला, त्यात क्षेत्रभेटही घातली. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात वाणिज्यच्या दोनशे मुलांनी तलावाला भेट दिल्याचे दोनशे सारखेच अहवाल तयार होऊ लागले. झेरॉक्सच्या दुकानात मुखपृष्ठावर नाव बदलून फाइल मिळू लागली. ‘सर, टॉपिक कोणताही चालेल का?’ हा प्रश्न कानावर आला की समजावे, हा प्रकल्प दुकानातून येणार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने चित्र बदलायचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवा आराखडा २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला आला. त्यात क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क उपक्रम आणि कार्यस्थळी प्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येते. त्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोहोचेल ती २०२७-२८ मध्ये. त्या वेळी एका मार्गदर्शकाच्या वाट्याला किती मुले येतात, यावर बरेच काही ठरेल.

शाखांमधला फरक पाहायचा तर नाग नदीसारखे दुसरे उदाहरण नाही. शहराला नाव देणारी ही नदी लाव्हा गावाच्या परिसरातल्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीतून शहरात शिरते, सांडपाणी घेत पूर्वेला जाते, पुढे पिवळी नदीला भेटून कन्हानला मिळते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी तिच्या पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजतो. विंकलर पद्धतीत नमुना काठावरच रसायने घालून ‘फिक्स’ करावा लागतो. कॉलेजात नेऊन केला तर आकडा खोटा येतो, हे एकदा चुकल्याशिवाय कळत नाही. जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात ते काढायचे तर भारतीय मानकाप्रमाणे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. गुरुवारी लावला की तिसरा दिवस रविवार, आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप. म्हणून जाणते गाईड नमुना सोमवारी लावायला सांगतात. स्थापत्य अभियांत्रिकीचा गट त्याच नदीचा काटछेद मोजतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून ‘पूर’ हा वर्गातला नव्हे, घरातला विषय झाला. समाजशास्त्राचा विद्यार्थी काठच्या घरांत जाऊन कोणाचे काय वाहून गेले ते लिहून आणतो. विधीचा विद्यार्थी पूररेषेतल्या बांधकामांचे नियम तपासतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने घाटापासून पुलापर्यंत काळ्या पाण्याची चित्रमालिका केली, तर तोही शोधच. नदी एक असली तरी पुरावा कशाला म्हणायचे, हे प्रत्येक शाखेत वेगळे ठरते.

पुरातत्त्वाच्या बाबतीत नागपूरचे नशीब थोर. काटोल रोडवरच्या जुनापाणीला सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. पदवीच्या मुलाला उत्खनन करता येत नाही आणि करूही नये. पण वर्तुळाचा व्यास मोजणे, दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची जागा नोंदवणे, किती दगड हलवले गेले ते पाहणे यासाठी टेप, होकायंत्र आणि धीर पुरतो.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातला ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ हा सगळ्यांत जुनाजाणता नमुना. विद्यार्थी एका सत्रात गावात राहतात. गावकरी आणि वर्तमानपत्रे त्यांना ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणतात. चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा : विहिरी कुठे, ओढा कुठे, कोणाच्या शेतात चुनखड. नकाशा चुकला की एखादे आजोबा काठीने रेघ दुरुस्त करतात. या दुरुस्तीत जेवढे शिक्षण आहे तेवढे पुष्कळ प्रबंधांत नसते. फोटो अहवालात जातो, रांगोळी संध्याकाळी गुरे परतली की पुसते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी योजना १९७९ पासून आहे : दोन महिने, एक छोटा प्रश्न, नैतिक समितीची मंजुरी, मग अहवाल. विदर्भात सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आणि उष्माघात हे दोन विषय पुस्तकाबाहेर रोज भेटतात. नैतिक समितीची अट पहिल्यांदा कटकट वाटते. रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सही घेताना ती का आहे ते उमगते. इतर शाखांत मात्र कोणाच्याही घरात शिरून उत्पन्न विचारण्याची सवय अजून गेलेली नाही.

अभियांत्रिकीत शेवटच्या वर्षाचा ‘मेगा प्रोजेक्ट’ चार-पाच जणांचा गट करतो. कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या राखेपासून विटा आणि संत्र्याच्या सालीपासून तेल किंवा रंग शोषणारी भुकटी, हे इथले सदाबहार विषय. सदाबहार म्हणजे वाईट नव्हे. मागच्या तुकडीने वीट किती दाबावर फोडली, याचा आकडा पुढे असेल तर यंदाची वीट अर्थपूर्ण ठरते.

वास्तुकलेचे विद्यार्थी मोजणी-आराखड्यांचे काम फार नेटाने करतात. महाल या जुन्या वस्तीतल्या भोसलेकालीन वाड्यांचे खांब, कोनाडे, चौक सेंटिमीटरपर्यंत उतरवायचे, तेही घरमालक ‘कशासाठी मोजता, पाडणार का?’ असे विचारत असताना. देशभरच्या वास्तुकला विद्यार्थ्यांच्या संघटनेत अशा दस्तऐवजीकरणासाठी अमेरिकी वास्तुकार लुई कान यांच्या नावाचा चषक असतो. वाडा पडल्यावर मागे उरतात ते हेच कागद.

सर्जनशील प्रकल्पांना विद्यापीठीय चौकटीत जागा उशिरा मिळाली, पण शहरात ते आधीपासून होते. शासकीय चित्रकला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शनातला विद्यार्थी विभाग, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका ही त्यांची ठिकाणे. भंडारा-गोंदियाकडची मुले झाडीपट्टी रंगभूमी, म्हणजे पूर्व विदर्भातली गावोगावची नाटके, पाहत वाढलेली असतात; गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे तिचे मोठे केंद्र. तिथले नेपथ्य, तिकिटाचे गणित, झाडीबोलीतले संवाद यांवर ही मुले जे लिहू शकतात ते शहरातल्या प्राध्यापकाला लिहिता येणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे वाईटाचे प्रतीक मानलेल्या पुतळ्याची मिरवणूक, हीही अशीच. काळी मारबत १८८१ ची, पिवळी १८८५ ची. सोबत निघणाऱ्या बडग्यांवर (उपहासाच्या पुतळ्यांवर) त्या-त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो. दहा वर्षांचे बडगे फोटोंसह ओळीने मांडले तर इतिहास, मराठी आणि चित्रकला तिन्ही विभागांना पुरेल एवढे साहित्य जमते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांचा सर्व्हेही ग्रंथालयशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत कोणालाही करता येतो. गर्दी एवढी, की फॉर्म भरून घेण्यापेक्षा उभे राहून निरीक्षण करणे बरे.

या सगळ्यांचे एकत्र व्यासपीठ म्हणजे ‘आविष्कार’. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून चालणारा हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव. मानव्यविद्या, भाषा व ललितकला; वाणिज्य, व्यवस्थापन व विधी; शुद्ध विज्ञान; कृषी व पशुसंवर्धन; अभियांत्रिकी व तंत्रज्ञान; वैद्यक व औषधनिर्माण असे सहा गट असतात आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा वेगळी असते. निवड महाविद्यालयापासून विद्यापीठावरून राज्यापर्यंत जाते. पोस्टरसमोर उभे राहून परक्या परीक्षकाला तीन मिनिटांत आपले काम सांगणे, ही कसोटी लेखी परीक्षेत कुठेच नाही. दोष एवढाच, की दिवे लागणाऱ्या मॉडेलभोवती गर्दी होते आणि बोलीचे शब्द जमवणारी मुलगी कोपऱ्यात एकटी उभी राहते.

भाषेचा प्रश्न त्याच कोपऱ्यातला आहे. मुलाखती वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत झालेल्या असतात आणि अहवाल मोडक्या इंग्रजीत लिहिला जातो. मग ‘पाणी घरात घुसलं तं धान्य सडलं’ हे वाक्य तक्त्यात जाऊन ‘नुकसान : होय’ एवढेच उरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मराठी मजकूर तपासण्यात संगणकीय साधने मात्र कच्ची आहेत, त्यामुळे मराठीतली नक्कल अजून गाईडच्या डोळ्यांनीच पकडावी लागते.

व्हायवा झाला, एक्स्टर्नलचा चहा झाला, की बांधलेली प्रत विभागाच्या कपाटात जाते. अशा प्रतींची विषयवार सूची ठेवायची प्रथा फारशी नाही. म्हणून दर हिवाळ्यात नवी तुकडी नाग नदीच्या त्याच पुलावर जाते, त्याच ठिकाणी बाटली भरते आणि आपला आकडा तुलनेसाठी कशाशीच न लावता लिहून टाकते. मागच्या तुकडीचा आकडा दोन मजले वर, कुलपात असतो.