अँथम्स इन ईडन

इंग्लंडमधील शर्ली कॉलिन्स (जन्म १९३५) व डॉली कॉलिन्स (१९३३–१९९५) या भगिनींचा लोकगीतांचा अल्बम. ई.एम.आय. कंपनीने १९६९ मध्ये सुरू केलेल्या ‘हार्वेस्ट’ या लेबलने तो त्याच वर्षी प्रसिद्ध केला. निर्माते ऑस्टिन जॉन मार्शल, तर जुन्या वाद्यांच्या ताफ्याची सूत्रे डेव्हिड मन्रो यांच्याकडे होती.

दोघी बहिणी ससेक्स परगण्यातील हेस्टिंग्जच्या. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गाणी ऐकत त्या वाढल्या. शर्लीने १९५९ मध्ये संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यासोबत अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरून लोकसंगीताचे ध्वनिमुद्रण केले होते. डॉलीने संगीतकार ॲलन बुश यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले होते. शर्लीचा आवाज साधा, सपाट, नाट्य टाळणारा. गाण्यातले दुःख ती रंगवत नाही, नुसते सांगते. त्या आवाजाभोवती काय उभे करायचे आणि कुठे मोकळी जागा सोडायची, हे डॉलीइतके कोणालाच उमगले नाही.

तबकडीची पहिली बाजू म्हणजे ‘अ साँग-स्टोरी’ ही सलग, अर्ध्या तासाच्या आसपासची गीतमाला. स्वतंत्रपणे गायली जाणारी पारंपरिक गाणी येथे एका स्त्रीच्या कथेत ओवली आहेत. ‘सर्चिंग फॉर लॅम्ब्ज’मध्ये भेट होते, मग प्रणय, ‘द ब्लॅकस्मिथ’मध्ये वचनभंग. ‘अवर कॅप्टन क्राइड’मध्ये प्रियकराला बोलावणे येते. याच गीतकुळातली चाल इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी ससेक्समधील मंक्स गेट येथे टिपून घेतली होती आणि पुढे ती चर्चमधील प्रार्थनागीत म्हणून इंग्लंडभर पोहोचली. ‘लोलँड्स’ हे स्वप्न आहे. मृत प्रियकर त्यात दिसतो. ‘प्लेझंट अँड डिलाइटफुल’ निरोपाचे.

यानंतर येणारे ‘व्हिट्सन डान्स’ हा या मालेचा गाभा. चाल जुनी, शब्द मात्र मार्शल यांचे. व्हिट्सन, म्हणजे ईस्टरनंतरचा सातवा रविवार, हा मॉरिस या इंग्लिश लोकनृत्याचा हंगाम. पहिल्या महायुद्धात खेड्याखेड्यांतले तरुण गेले आणि परतले नाहीत. मागे राहिलेल्या, आता वृद्ध झालेल्या बायका दर व्हिट्सनला नाचायला जातात, एवढेच हे गीत सांगते. युद्धाविषयी त्यात एकही घोषणा नाही. आधीच्या गाण्यांतला विरह कोणत्याही शतकातला असू शकतो. येथे त्याला १९१४–१८ हा काळ मिळतो आणि मागची सारी कथा नव्या अर्थाने ऐकू येऊ लागते. लगेच ‘द स्टेन्स मॉरिस’ या नाचाच्या गाण्यावर माला संपते. शोकानंतरचा हा उत्सव उथळ वाटत नाही, हे डॉलीच्या बांधणीचे यश.

साथीला गिटार-बँजो नाहीत. मध्ययुग व प्रबोधनकाळातील क्रमहॉर्न, रॅकेट, कॉर्नेट, व्हायोल, रेकॉर्डर, ट्राँबोनचे पूर्वरूप असलेले सॅकबट, आणि डॉलीचा छोटा फुंकनळ्यांचा ऑर्गन अशी वाद्ये येथे आहेत. हार्प्सिकॉर्ड वाजवणारे क्रिस्टोफर हॉगवुड पुढे प्राचीन संगीताचे नामांकित संचालक झाले. क्रमहॉर्नच्या पत्त्या, म्हणजे फुंकल्यावर कंप पावून आवाज देणाऱ्या पातळ पट्ट्या, टोपणाखाली असतात, वादकाच्या ओठांचा त्यांना स्पर्श होत नाही; त्यामुळे वाद्य सनईच्या कुळातले असले तरी त्याचा आवाज फारसा लहानमोठा करता येत नाही. हाच कोरा, सलग स्वर शर्लीच्या गळ्याला जुळतो. खेड्यांतील गायकांनी ही गाणी अशा वाद्यांवर गायली नव्हती. बहुतेकदा ती बिनसाथीचीच असत. तेव्हा हा इतिहासाचा पुनरुद्धार नव्हे. डॉलीने घडवलेली ती स्वतंत्र रचना आहे आणि तसेच तिच्याकडे पाहिले पाहिजे.

दुसऱ्या बाजूला ‘रॅम्बलअवे’, ‘नेली द मिल्कमेड’ यांसारखी सुटी गाणी आहेत. त्यांत ‘का द योज’ हे स्कॉटिश गीत आणि ‘गॉड डॉग’ ही इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडच्या रॉबिन विल्यमसन यांची रचनाही येते. गाणी चांगली आहेत, पण पहिल्या बाजूचा आवाका त्यांना नाही.

पुढच्याच वर्षी दोघींचा ‘लव्ह, डेथ अँड द लेडी’ हा अधिक काळोखा अल्बम आला. ‘व्हिट्सन डान्स’ टिम हार्ट व मॅडी प्रायर या लोकगायकांनी १९७१ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ‘अ साँग-स्टोरी’ ही माला १९७६ मध्ये ‘ॲमरँथ’ या अल्बममध्ये, नव्या गाण्यांच्या जोडीने, पुन्हा प्रसिद्ध झाली.