भावंडमालिका (समकालीन प्रेमकादंबरी)

एकाच कुटुंबातील भावंडांच्या प्रेमकथा एकेका स्वतंत्र कादंबरीत सांगणारी, परंतु घर, आईवडील आणि पात्रांचा गोतावळा सर्व पुस्तकांत कायम ठेवणारी कादंबरीमालिका. इंग्रजी लोकप्रिय साहित्यात, विशेषतः अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हा प्रकार स्थिरावला. प्रत्येक पुस्तकात एका भावाचे किंवा बहिणीचे प्रेम जुळते आणि पुस्तक सुखान्ताने संपते. मागच्या पुस्तकातील जोडपे पुढच्या पुस्तकात थोरल्या भाऊ-वहिनीच्या भूमिकेत येते, तर ज्यांची पाळी अजून आलेली नाही ती भावंडे कडेकडेने वावरत वाचकाची उत्सुकता वाढवत राहतात. वाचकाची खरी निष्ठा एखाद्या जोडप्यापेक्षा त्या घराशी जडते, हे या प्रकाराचे मुख्य लक्षण मानावे लागेल.

उगम : या प्रकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत त्याचा संबंध कुलगाथात्मक, म्हणजे एका घराण्याच्या अनेक पिढ्यांची कथा सांगणाऱ्या कादंबरीशी जोडते. जॉन गॉल्सवर्दी यांची फोर्साइट कुटुंबावरील कादंबरीमाला (१९०६–२१) आणि कॅनडातील माझो द ला रोश यांची ‘जाल्ना’पासून (१९२७) सुरू झालेली व्हाइटओक कुटुंबाची माला ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. दुसरे मत इंग्रज कादंबरीकार जॉर्जेट हेयर यांच्याकडे बोट दाखवते. ‘दीज ओल्ड शेड्स’मधील (१९२६) नायक-नायिकेच्या मुलाची कथा त्यांनी ‘डेव्हिल्स कब’मध्ये (१९३२) सांगितली आणि ‘अॅन इन्फेमस आर्मी’त (१९३७) त्या मुलाची नात आणली. यांहून मागे जाऊन जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील पाच बहिणी किंवा लुइझा मे ऑल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’मधील चार बहिणी यांनाही पूर्वज ठरवण्याचा प्रघात आहे. मात्र तेथे सर्व बहिणींच्या कथा एकाच कथानकात गुंफलेल्या आहेत, त्यामुळे हे साम्य विषयापुरते राहते.

कुलगाथेशी नाते जोडताना एक मूलभूत फरक नजरेआड होतो. कुलगाथेत लग्न हा शेवट नसतो, पुष्कळदा तो दुःखाचा आरंभ असतो; फोर्साइट कुटुंबातील सोम्स आणि आयरीन यांचा संसार हे त्याचे ठळक उदाहरण. भावंडमालिकेत एकदा जुळलेले जोडपे सहसा मोडत नाही, आणि हा लेखक-वाचकांमधला अलिखित करार असतो. हेयर यांच्या बाबतीत कथा पिढ्यांमधून पुढे सरकते. एकाच पिढीतील भावंडांना पाळीपाळीने नायकत्व देण्याची योजना तेथे नाही. म्हणून उगमाचा शोध साहित्यिक परंपरेइतकाच प्रकाशनव्यवहारात घेणारे तिसरे मत अधिक समाधानकारक वाटते.

त्या व्यवहाराचे स्वरूप असे : मिल्स अँड बून (स्थापना १९०८) आणि हार्लेक्विन (स्थापना १९४९, विनिपेग, कॅनडा) या प्रकाशनसंस्था १९७१ मध्ये एकत्र आल्या. त्यांनी दरमहा ठराविक पृष्ठांच्या, ठराविक किमतीच्या प्रेमकादंबऱ्या काढण्याची पद्धत जगभर रूढ केली. १९८० मध्ये सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने अमेरिकन लेखिकांना वाव देणारी सिल्हूट ही स्पर्धक माला सुरू केली. १९८४ मध्ये हार्लेक्विनने तीही विकत घेतली. मासिक योजनेतले पुस्तक दुकानाच्या मांडणीवर साधारण महिनाभरच राही, नंतर नव्या खेपेला जागा करून देई. वाचकाच्या लक्षात मालेचे नाव राही, लेखिकेचे राहीलच असे नव्हते. अशा स्थितीत आवडते कुटुंब पुढच्या पुस्तकात पुन्हा भेटणार, हे आश्वासन लेखिकेसाठी मोठा आधार होते.

मॅकग्रेगर मालिका : या प्रकाराचा नमुना म्हणून अमेरिकन लेखिका नोरा रॉबर्ट्स यांची मॅकग्रेगर मालिका बहुधा प्रथम उल्लेखिली जाते. सिल्हूटने १९८५ मध्ये ‘प्लेइंग द ऑड्स’, ‘टेम्प्टिंग फेट’, ‘ऑल द पॉसिबिलिटीज’ आणि ‘वन मॅन्स आर्ट’ ही चार पुस्तके काढली. ॲलन, केन आणि सरीना ही तीन भावंडे. वडील डॅनियल हे स्कॉटलंडहून अमेरिकेत येऊन श्रीमंत झालेले, आई अॅना शल्यविशारद. मॅसॅच्युसेट्समधील हायनिस पोर्ट येथे समुद्रकाठी त्यांचे किल्ल्यासारखे घर आहे. तीन भावंडांची चार पुस्तके कशी झाली, यात या मालिकेची रचना उलगडते. सरीनाचे लग्न जस्टिन ब्लेडशी ठरते, तर केनचे जस्टिनच्या बहिणीशी, डायनाशी. ॲलन शेल्बी कॅम्पबेलच्या प्रेमात पडतो. मॅकग्रेगर आणि कॅम्पबेल या घराण्यांचे स्कॉटलंडपासूनचे वैर येथे कामी येते. चौथे पुस्तक मग शेल्बीच्या भावाला, ग्रँटला मिळते. म्हणजे कुटुंब रक्ताच्या नात्याने जितके वाढते, तितकेच सोयरिकीने वाढते.

नातवंडांसाठी आतुर झालेले डॅनियल मुलांच्या नकळत त्यांच्या गाठीभेटी घडवून आणतात. स्थळे सुचवणारी वडीलधारी मंडळी घरोघरी पाहिलेल्या भारतीय वाचकाला हे पात्र अमेरिकन वाचकापेक्षा अधिक चटकन ओळखीचे वाटते, असे म्हणण्यास जागा आहे.

१९८७ मधील ‘फॉर नाऊ, फॉरेव्हर’मध्ये रॉबर्ट्स मागे वळून डॅनियल आणि अॅना यांच्या तरुणपणाची कथा सांगतात. ‘रिबेलियन’ (१९८८) तर १७४५ च्या जॅकोबाइट उठावाच्या (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्याच्या प्रयत्नाच्या) काळातील पूर्वजांपर्यंत जाते. १९९७ पासून नातवंडांची पाळी आली. यातून वाचनक्रमाचा वाद निर्माण झाला : प्रकाशनाच्या क्रमाने वाचावे, की कथेतील काळाच्या क्रमाने? पुनर्मुद्रणात दोन-दोन कथा एकत्र बांधून त्या जोडपुस्तकांना पात्रांचीच नावे देण्यात आली, त्यामुळे मूळ क्रम आणखी पुसट झाला. प्रकाशनाचा क्रम पाळणे श्रेयस्कर. आईवडिलांची कथा मुलांच्या चार कथांनंतर वाचली, तरच घरातले म्हातारे जोडपे एकेकाळी तरुण होते याचा पूर्ण परिणाम होतो. लेखिकेची मांडणीही त्याच अपेक्षेने केलेली आहे.

प्रकारभेद : रॉबर्ट्स यांच्याच चेसापीक बे मालिकेत (पहिली तीन पुस्तके १९९८–९९, चौथे २००२) मेरीलँडच्या किनारी भागातील क्विन बंधू आहेत. हे तिघेही दत्तक घेतलेले, खडतर बालपण मागे टाकून आलेले. मरणासन्न पित्याने शेवटी घरी आणलेल्या दहा वर्षांच्या सेथला सांभाळण्याचे वचन ते देतात. सेथ नेमका कोणाचा मुलगा, हा प्रश्न तिन्ही पुस्तकांत टांगता राहतो. चौथ्या पुस्तकात सेथ स्वतः नायक होतो. प्रत्येक पुस्तकाची प्रेमकथा त्या-त्या पुस्तकात मिटवायची आणि घराची चिंता मात्र पुढे न्यायची, ही युक्ती येथे फार सफाईने साधली आहे. भावंडपण जन्माने मिळत नसून एकत्र राहून कमवावे लागते, ही जाणीव या मालिकेला इतरांहून वरच्या पायरीवर नेते.

ब्रेंडा जॅक्सन यांनी ‘टुनाइट अँड फॉरेव्हर’पासून (१९९५) टेक्सासमधील मॅडारिस या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबाची मालिका लिहिली आणि पुढे वेस्टमोरलँड भावंडांना चुलत शाखांसह विस्तारले. सुस्थित, एकमेकांना धरून असलेले कृष्णवर्णीय कुटुंब लोकप्रिय प्रेमकादंबरीत तोवर क्वचितच दिसे. एकाच कुटुंबावर अनेक लेखिकांनी मिळून लिहिलेल्या मालिकाही प्रकाशकांनी काढल्या. बेला आंद्रे यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सलिव्हन कुटुंबातील आठ भावंडांच्या कथा २०११ पासून स्वतःच ई-पुस्तकांच्या रूपात प्रसिद्ध केल्या. २०१२ मध्ये हार्लेक्विनच्या एका शाखेने त्यांचे केवळ छापील हक्क घेतले, डिजिटल हक्क लेखिकेकडेच राहिले. ई-पुस्तकामुळे मालिकेतील जुना भाग दुर्मिळ होण्याचा प्रश्न मिटला आणि एका बैठकीत भागामागून भाग वाचणे शक्य झाले.

ऐतिहासिक प्रेमकादंबरीतील समांतर उदाहरण जुलिया क्विन यांच्या आठ ब्रिजर्टन भावंडांचे (२०००–०६). त्यावरील नेटफ्लिक्सच्या रूपांतराने (२०२० पासून) भावंडांचा क्रम बदलला : तिसऱ्या पुस्तकातील बेनेडिक्टआधी चौथ्या पुस्तकातील कॉलिनची कथा आली. दुसऱ्या पर्वात नायिका व तिची बहीण मुंबईहून आलेल्या शर्मा कुटुंबातील दाखवून हळदीचा प्रसंग घातला. मूळ कादंबरीत हे नाही.

अभ्यास : जॅनिस रॅडवे यांचा १९८४ मधील ग्रंथ हा प्रेमकादंबरीच्या वाचकांचा पायाभूत अभ्यास. घरकामाच्या धबडग्यात स्वतःसाठी राखलेला वेळ म्हणून स्त्रिया वाचनाकडे पाहतात, हे त्यांनी मुलाखतींतून दाखवले. मात्र त्यात भर एकेका कादंबरीवर आहे. पामेला रेजिस यांनी (२००३) सांगितलेले प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटकही एका पुस्तकाच्या चौकटीतले आहेत. सुखान्त आणि क्रमशः चालणारी कथा यांतील ताणाचा थेट विचार बेल्जियन अभ्यासक अॅन गोरिस यांनी २०१३ मध्ये केला. लग्नानंतरचे सुख प्रत्यक्ष दाखवण्याची सोय मालिकेमुळे होते, ही त्यांची दिशा येथे ग्राह्य धरली आहे.

भारतातील मिल्स अँड बून वाचनाचे अभ्यास ज्योती पुरी (१९९७) व राधिका परमेश्वरन (१९९९, हैदराबाद) यांनी केले. त्यांचा रोख मध्यमवर्गीय तरुणी, इंग्रजी भाषा आणि आधुनिकता यांवर आहे. २००८ पासून मिल्स अँड बूनचे भारतातून प्रकाशन होऊ लागले. मराठी वाचकांपर्यंत ही पुस्तके मुख्यतः इंग्रजीतून, शहरांतील खासगी वाचनालये आणि जुन्या पुस्तकांची दुकाने यांमार्फत पोहोचली. ना. सी. फडके यांच्यापासूनची मराठी प्रेमकादंबरी बहुतांशी स्वयंपूर्ण राहिली. एका घरातील प्रत्येक भावंडाला स्वतंत्र कादंबरी देण्याची रीत छापील मराठीत रुजलेली दिसत नाही. प्रतिलिपीसारख्या (स्थापना २०१४) ऑनलाइन मंचांवर मराठी कौटुंबिक प्रेमकथा भागाभागांत प्रसिद्ध होतात.