फुफ्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाव्यवस्थापन

फुफ्फुसाच्या कर्करोगात गाठ असलेला खंड, किंवा क्वचित एका बाजूचे संपूर्ण फुफ्फुस, काढून टाकल्यानंतर होणाऱ्या वेदनांचे निवारण. छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया अतिशय वेदनादायक शस्त्रक्रियांमध्ये गणली जाते. हातापायावरची जखम काही दिवस स्थिर ठेवता येते. छाती मात्र झोपेतही दर श्वासाला हलत राहते.

पारंपरिक पद्धतीत पाठीपासून कुशीपर्यंत छेद घेऊन दोन बरगड्यांमधील फट धातूच्या उपकरणाने फाकवतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला असलेल्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो. फाकवताना तो ताणला किंवा चेपला जातो आणि जखम शिवताना टाक्यात सापडू शकतो. १९९० च्या दशकात रुळू लागलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, त्यामुळे वेदना कमी होतात. तरी आत घातलेल्या उपकरणांचा त्या मज्जातंतूवरील दाब आणि हवा व द्रव बाहेर काढणारी छातीतील नळी यांचा त्रास उरतोच.

दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो व खोकला दाबतो. मग कफ साचतो, फुफ्फुसाचा काही भाग मिटतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. या रुग्णांपैकी अनेकांची फुफ्फुसे धूम्रपानाने आधीच अधू झालेली असल्याने हा धोका वाढतो. म्हणून निपचित पडलेल्या रुग्णाला ‘दुखतंय का?’ एवढेच विचारून भागत नाही. ० ते १० या मापनश्रेणीवर पडल्या पडल्या २ सांगणारा रुग्ण खोकताना ८ सांगू शकतो, आणि उपचार ठरवताना हा दुसरा आकडाच धरायला हवा.

उपचारांचा कणा म्हणजे मज्जातंतू बधिर करणे. छातीच्या पातळीवर मणक्यात बारीक नळी बसवून बधिर करणारे औषध सोडण्याची एपिड्युरल पद्धत दीर्घकाळ सर्वश्रेष्ठ मानली गेली. तिने रक्तदाब उतरणे आणि लघवी अडकणे हे त्रास होऊ शकतात, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती बहुधा टाळावी लागते. मणक्याशेजारी, जिथून मज्जातंतू बाहेर पडतात तिथे, फक्त शस्त्रक्रियेच्या बाजूला औषध देणारी पॅराव्हर्टेब्रल पद्धत वेदनाशमनात तिच्या तोडीची असून तिचे दुष्परिणाम कमी आहेत. शिवाय छाती उघडी असताना शल्यचिकित्सक ही नळी डोळ्यांदेखत बसवू शकतो. पाठीच्या स्नायूंखाली सोनोग्राफीच्या मदतीने औषध सोडण्याची सोपी पद्धत २०१६ मध्ये पुढे आली व दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत झपाट्याने रुजली.

याच्या जोडीला पॅरासिटामॉल नेमाने, म्हणजे दुखण्याची वाट न पाहता, देतात. दाह कमी करणाऱ्या वेदनाशामकांचा उपयोग होतो. मात्र मूत्रपिंडे आणि जठर यांकडे लक्ष ठेवावे लागते. मॉर्फिन गटातील औषधे गरजेपुरती वापरतात, कारण त्यांनी गुंगी येते, मलावरोध होतो आणि खोकलाही दबतो, म्हणजे ज्यासाठी वेदना कमी करायच्या तेच बिघडते. श्वसनाचे व्यायाम औषधाचा अंमल चढल्यावर घेतात आणि खोकताना टाक्यांवर उशी घट्ट दाबून धरायला शिकवतात.

‘ऑपरेशन छातीचं आणि दुखतोय खांदा’ ही तक्रार नेहमीची आहे. श्वासपटलाचा, म्हणजे छाती व पोट यांमधल्या पडद्यासारख्या स्नायूचा, मज्जातंतू मानेतून उतरत असल्याने त्याची वेदना खांद्यात जाणवते. एपिड्युरलचा अंमल तिथवर पोहोचत नाही; पॅरासिटामॉलने पुष्कळदा उतार पडतो.

घरी जाताना भारतात अनेकदा ट्रॅमाडॉल हे मॉर्फिन गटातील सौम्य औषध लिहून दिले जाते. २०१८ पासून ते अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्याच्या (१९८५) कक्षेत असल्याने चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

दोन-तीन महिन्यांनंतरही व्रणालगत वेदना टिकली, तर ती दीर्घकालीन समजतात. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तिचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारणतः २५ ते ६० टक्के आढळते, मात्र त्यातील बहुतेकांची वेदना सौम्य असते. जळजळ, मुंग्या, बधिरपणा ही तिची लक्षणे असून काहींना सदऱ्याचा वा ब्लाउजचा स्पर्शही सोसत नाही. अशा दुखण्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. मज्जातंतूंच्या वेदनेवर चालणारी प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलीन ही औषधे किंवा त्वचा बधिर करणाऱ्या लिडोकेनची पट्टी वापरतात. शमलेली वेदना काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाली किंवा वाढतच गेली, तर कर्करोग उलटल्याची शक्यता असते, म्हणून गोळ्यांची मात्रा वाढवण्याआधी सीटी स्कॅन करून घेतात.