पैसे घ्या, पण कुलूप काढा: डीआरएम-फ्री गेमच्या मागणीमागचा इतिहास

१३ डिसेंबर २०२४ रोजी ब्लिझार्ड या गेम कंपनीच्या सांगण्यावरून ‘वॉरक्राफ्ट’ या गेमचे पहिले दोन जुने भाग जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानातून उतरवले गेले. त्यांच्या रीमास्टर, म्हणजे नव्याने सजवलेल्या आवृत्त्या महिनाभरापूर्वीच बाजारात आल्या होत्या, त्यामुळे जुन्यांची अडचण होत असावी. दुकानातून गेम नाहीसे होणे काही नवे नाही. पण ज्यांनी हे दोन गेम आधीच घेतले होते त्यांचे काही बिघडले नाही. त्यांच्याकडे इन्स्टॉलरची फाइल होती. ती पेन ड्राइव्हवर ठेवा नाहीतर दहा वर्षांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवा, कुठल्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. जीओजीने तर आधीच गिऱ्हाइकांना कळवून टाकले होते की घ्यायचे तर आत्ता घ्या, ते पुढेही चालते ठेवण्याचे आम्ही बघू.

गेम विकत घेतलेल्यालाच चालावा म्हणून कंपन्या त्यावर तांत्रिक कुलूप घालतात, त्याला डीआरएम म्हणतात. कुलपाविना फाइल मागणाऱ्यांना डीआरएम-फ्रीवाले म्हणतात आणि त्यांच्याकडे बऱ्याचदा संशयाने पाहिले जाते. कुलूप नको म्हणजे यांना फुकटात खेळायचे असणार! प्रत्यक्षात ज्याला फुकट हवे त्याला डीआरएमची फिकीर नसते, त्याच्यापर्यंत गेम कुलूप तोडूनच पोहोचतो. कुलपाचा जाच होतो तो पैसे मोजणाऱ्याला. या मागणीचा सगळा इतिहास या विचित्र उलटसुलटपणातून निघाला आहे.

सुरुवातीची कुलपे तशी गमतीची होती. १९८५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘लेन्सलॉक’ नावाचे प्लास्टिकचे घडीचे भिंग गेमसोबत मिळे. पडद्यावर विस्कटलेली दोन अक्षरे यायची, ती या भिंगातून पाहिली की सरळ दिसायची. ‘एलिट’च्या काही प्रतींमध्ये चुकून भलत्याच गेमचे भिंग गेले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांना उघडताच येईना. १९९० च्या ‘मंकी आयलंड’मध्ये पुठ्ठ्याची दोन चकत्यांची चकती होती: चाच्याच्या चेहऱ्याचा वरचा आणि खालचा भाग जुळवायचा आणि पडद्यावर विचारलेल्या गावी त्याला कोणत्या साली फाशी दिले ते टाइप करायचे. चकती हरवली तर खेळ बंद, पण निदान ती तुमच्या घरातच हरवलेली असे.

सीडी आल्यावर कुलूप पुठ्ठ्यावरून विंडोजच्या पोटात शिरले. सेफडिस्क, सेक्युरॉम, स्टारफोर्स ही नावे जुन्या खेळाडूंना आजही पाठ असतील. ड्राइव्हमध्ये मूळ सीडी नसेल तर गेम सुरूच होत नसे, त्यामुळे सीडी झिजू नये म्हणून अस्सल प्रत घेतलेले लोकही ‘नो-सीडी क्रॅक’, म्हणजे सीडीची तपासणी बंद पाडणारी फाइल, शोधत फिरत. २००८ च्या जुलैमध्ये तर कमालच झाली. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘रेनबो सिक्स वेगास २’ डाउनलोड करून घेतलेल्यांसाठी अधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, दिली. त्यांच्याकडे सीडी नव्हतीच आणि गेम मात्र सीडी मागत होता. लोकांनी पॅचमधली फाइल उघडून पाहिली तर आत ‘रीलोडेड’ या पायरेट टोळीचे नाव! कंपनीने चोरांचाच क्रॅक उचलून गिऱ्हाइकांना दिला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात ‘स्पोर’ आला. विल राइट या गेम डिझाइनरचा, कित्येक वर्षे गाजावाजा झालेला गेम. सेक्युरॉममुळे तो फक्त तीनदा इन्स्टॉल करता येणार होता. कॉम्प्युटर बदलला किंवा विंडोज नव्याने टाकले की एक संधी संपली. अॅमेझॉनवर हजारोंनी एकेक तारा देऊन निषेध नोंदवला. गेम काढणाऱ्या ईए कंपनीने मर्यादा तीनवरून पाचवर नेली आणि प्रकरण कोर्टातही गेले. तरी ‘स्पोर’ त्या वर्षीच्या सर्वाधिक पायरेट झालेल्या गेमपैकी एक ठरलाच. म्हणजे कुलपाने ज्याला अडवायचे तो अडला नाही, ज्याने पैसे दिले त्याला मात्र मोजून तीनच संधी.

त्याच महिन्यात पोलंडमध्ये जीओजीची चाचणी सुरू झाली, तेव्हाचे नाव ‘गुड ओल्ड गेम्स’. हे दुकान तिथेच का निघाले हे समजून घ्यायला १९९४ मध्ये जायला हवे. वॉर्सामधल्या मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी त्या साली सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. कम्युनिस्ट राजवट जाऊन पाचच वर्षे झाली होती, आधुनिक कॉपीराइट कायदा त्याच वर्षी आला. वॉर्साच्या जुन्या स्टेडियमवर भरणाऱ्या बाजारात कॉपी केलेले गेम उघड्यावर विकले जात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर सीडी चाळलेल्या माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

अशा बाजारात अस्सल प्रत विकायची कशी? १९९९ मध्ये त्यांनी ‘बॉल्डर्स गेट’ पोलिशमध्ये आणला. नामवंत नटांचे आवाज, पाच सीडी, चर्मपत्रासारखा नकाशा, नियमांचे पुस्तक, संगीताची वेगळी सीडी, सगळे एका जाडजूड खोक्यात. किंमत स्टेडियमवरच्या प्रतीपेक्षा कितीतरी जास्त, तरी खोकी खपली. चोरापेक्षा जास्त द्या, हा त्यांचा धडा. नऊ वर्षांनी त्यांच्याच जीओजीने तोच इंटरनेटवर लावला: जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून, मॅन्युअल आणि संगीतासह, ५.९९ किंवा ९.९९ डॉलरला आणि कुलपाविना. ‘फॉलआउट’ पहिल्या खेपेतच होता. पुढे ज्या ‘स्पोर’वरून एवढा गहजब झाला तोही याच दुकानात कुलूप काढून आला.

जुन्या गेमचे ठीक आहे, नव्याचे काय, असा प्रश्न साहजिकच निघाला. मे २०११ मध्ये सीडी प्रोजेक्टचा स्वतःचा ‘विचर २’ जीओजीवर पहिल्या दिवसापासून डीआरएम-फ्री मिळाला, पण दुकानातल्या डिस्कवर वितरकांनी सेक्युरॉम लावले होते. पायरेट आवृत्ती बाहेर पडली ती डिस्कवाली, कुलूप तोडून. जिथे कुलूपच नाही तिथे तोडण्यात मर्दुमकी कसली? दीड आठवड्याच्या आत कंपनीने पॅच देऊन डिस्कवरचे सेक्युरॉमही काढून टाकले. या मंडळींना संत ठरवायचेही कारण नाही. त्याच सुमारास त्यांनी जर्मनीतल्या डाउनलोड करणाऱ्यांना वकिलामार्फत नोटिसा धाडल्या होत्या. ओरड झाल्यावर जानेवारी २०१२ मध्ये ते थांबवले.

बाकीचा धंदा मात्र उलट्या दिशेला चालला होता. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर आला तो एकट्याने खेळायचा असूनही सतत इंटरनेट मागणारा. काही दिवसांतच कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेतलेले लोक आपापल्या घरात बाहेर राहिले. त्या काळी भारतात २५६ केबीपीएसला अधिकृतपणे ब्रॉडबँड म्हणत, हे लक्षात घेतले तर इकडच्या खेळाडूची काय गत असेल ते वेगळे सांगायला नको. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’चे सर्व्हर पहिल्याच आठवड्यात कोलमडले. ऑफलाइन करणे फार मोठे काम आहे असे तेव्हा सांगण्यात आले. वर्षभराने ऑफलाइन आवृत्ती आलीसुद्धा.

डिस्कवाल्यांवर तर उशिराने दुसरी कुऱ्हाड पडली. सेफडिस्कचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका असल्याने २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये तो चालू दिला नाही. कपाटातल्या अस्सल, ओरखडा नसलेल्या सीडी एका फटक्यात निकामी झाल्या. ‘माझ्या आवडीचा गेम डीआरएम-फ्री आणा’ या मागणीला खरा जोर अशा लोकांमुळे आला. जीओजीवर हव्या असलेल्या गेमला मत देण्याची सोय आहे, २०२५ पासून तिला ‘ड्रीमलिस्ट’ म्हणतात.

त्या यादीत वर्षानुवर्षे आघाडीवर होता १९९९ चा ‘सिस्टम शॉक २’. तो बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला. २०१२ मध्ये स्टीफन किक नावाचा गेम आर्टिस्ट नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालात असताना त्याला आपल्या छोट्या नेटबुकवर हा गेम खेळावासा वाटला. विकत घ्यायला गेला तर कुठेच नाही. हक्क कोणाकडे ते शोधता शोधता तो पोहोचला स्टार इन्शुरन्स या विमा कंपनीपाशी! स्टुडिओच्या दिवाळखोरीत हक्क तिथे जाऊन पडले होते, तर ट्रेडमार्क ईएकडे होता. किकने विमा कंपनीला लिहिले, बोलणी झाली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम जीओजीवर आला. त्यातूनच नाइटडाइव्ह ही कंपनी उभी राहिली.

मला या कहाणीत सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे की इथे सेक्युरॉमचा अडथळा नव्हताच. कोड चालवता येत होता, अडकला होता कागद. तोच कागद ‘नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर’ला आजवर सोडत नाही. २००० सालच्या या गेमचे हक्क फॉक्स, वॉर्नर आणि अॅक्टिव्हिजन यांच्यात कुठेतरी आहेत. मूळ करार डिजिटल काळाच्या आधीचे, त्यामुळे आपल्याकडे नेमके काय आहे हे कंपन्यांनाच ठाऊक नव्हते. नाइटडाइव्हने इथेही खटपट केली. वॉर्नरने रस नसल्याचे कळवले आणि विषय मिटला. कॅपकॉमलाही जुना ‘रेझिडेंट इव्हिल’ पुन्हा काढण्यात सुरुवातीला अर्थ दिसत नव्हता, कारण रीमेक होतेच. अखेर तो २०२४ मध्ये जीओजीवर आला.

जीओजीचे गिऱ्हाईक दुकानदारालाही सोडत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे ‘हिटमॅन’ आला, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी ऑनलाइन झाल्याशिवाय खुलत नव्हत्या. लोकांनी इतके धारेवर धरले की दोन-अडीच आठवड्यांत गेम मागे घ्यावा लागला.

३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले आणि मग खेळाडूंच्या खात्यातून परवानाही काढून घेतला. विकलेले गेम कंपन्यांनी असे बंद पाडू नयेत म्हणून यूट्यूबर रॉस स्कॉटने सुरू केलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेच्या युरोपीय संघाकडच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदा केला की मालकी नव्हे, नुसता वापराचा परवाना विकत असाल तर तसे स्पष्ट सांगा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच चेकआउटपाशी तशी सूचना लावली. स्टीमच्या बाजूने सांगायला हवे की तिथे डीआरएम लावणे प्रकाशकाच्या मर्जीवर असते आणि न लावलेले गेमही बरेच आहेत. फक्त दुकानात फिरताना ते चटकन ओळखू येत नाहीत.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला नेमके काय विकले ते सांगावे, याबाबत हे कलम गप्प आहे.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस त्या दोन शाळासोबत्यांपैकी किचिन्स्कीने जीओजी सीडी प्रोजेक्टकडून स्वतः विकत घेतले. धोरण डीआरएम-फ्रीच राहील असे जाहीर झाले आहे, आणि सीडी प्रोजेक्टचे पुढचे गेमही तिथे येत राहतील असा करार झाला आहे.